गार दाणा

रविवारी सकाळी बसवाल्याचा खालून फोन आला तेव्हा दिएपने कॉफीचा पेला तसाच ठेवला, लिफ्टने खाली गेली आणि गोणी ओढत वर घेऊन आली. ताम काकांकडचा नवा तांदूळ. "तुझ्या शेतातला आहे," काकांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "आधी बापाला दे, मग तू खा." ताम म्हणजे आठ. नदीमुखाकडच्या त्या गावांत वडीलधाऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, तो कितवं अपत्य त्यावरून मारतात. थोरल्याला दुसरा म्हणतात, कारण पहिला आकडा मोठ्याने उच्चारला तर नको त्याच्या कानावर जायचा. सगळ्यांत शेवटच्याला आकडा उरत नाही, तो नुसता धाकटा. दिएप परदेशात शिकून आली, कॅन थो शहरातल्या संशोधन केंद्रात एका विभागाची प्रमुख झाली, केस कानशिलांवर पांढरे झाले, तरी त्या वाडीत ती धाकटीच होती. आणि शेत तिचं नव्हतंच, काकांचं होतं. पण गेल्या हंगामात त्यावर तिच्या खताचा प्रयोग झाला होता, बांधावर तिच्या नावाची पाटी लागली होती, म्हणून ते तिचं. गोणीचं तोंड सोडून ती तांदूळ डब्यात ओतू लागली. शेवटी तळ झटकला, तर तांदळाबरोबर एक पांढरा गोल मणी डब्याच्या काठावर टणकन आपटून ओट्यावर घरंगळला. तांदूळ असा घरंगळत नाही. तिने तो चिमटीत धरला. मोहरीहून थोडा मोठा, गुळगुळीत, दुधी. प्रयोगशाळेत अनोळखी वस्तू तोंडात घालू नये, हे ती नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगत असे. तिने तो जिभेवर ठेवला. क्षणभर काहीच नाही. मग खारट, मग कडसर, आणि त्या कडसरपणाखालून हळूहळू वर येणारा गारवा, जिभेवरून टाळूला, टाळूवरून कुठेतरी डोळ्यांच्या मागे. युरिया.

तो गारवा तिला शब्द येण्याआधीपासून ठाऊक होता. बाबा बादलीत युरिया कालवायचे तेव्हा तिला हाक मारायचे, आणि ती कोपरापर्यंत हात बुडवून बसायची. भर उन्हात, नदीचं पाणीसुद्धा अंगाला कोमट लागत असताना, बादलीतलं पाणी बर्फवाल्याच्या गाडीतून आणल्यासारखं गार व्हायचं. ताम काका बांधापलीकडून लिंबाच्या सरबताची बाटली घेऊन यायचे आणि बादलीत उभी करायचे. "धाकटे, हात काढ, गार माझ्या बाटलीला लागू दे." हे असं का होतं, हा तिच्या आयुष्यातला पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शाळेत मिळालं तेव्हा तिला विलक्षण समाधान वाटलं होतं: विरघळायला ऊब लागते, ती या दाण्याजवळ नसते, म्हणून तो जे शेजारी असेल त्याची ओढून घेतो. पुढे कळलं की तो टिकतही नाही. शेतात टाकलेल्यातला निम्म्याहून जास्त पिकाच्या तोंडी लागतच नाही. थोडा उडून जातो, बराचसा पाण्याबरोबर कालव्यात. हे तिने सुट्टीत घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा हसले होते. "म्हणजे इतकी वर्षं मी ढगांना खत घालतोय? तरीच हल्ली पाऊस माजलाय." काकाही हसले होते. कालवा मात्र तेव्हाच हिरवा पडायला लागला होता, आणि ज्या पायऱ्यांवर बसून ती पाय सोडायची तिथे आता शेवाळाचा साका धरायचा. ती हसली नव्हती. तिने मनाशी ठरवलं होतं की युरियाला बसायला जागा करून द्यायची. पुढे त्या एका वाक्यावर तिचं सगळं आयुष्य गेलं. भाताच्या तुसाची राख, त्या राखेतून काढलेली सिलिकाची, म्हणजे वाळूच्याच द्रव्याची, भुकटी, इतकी बारीक की धुळीचा कण तिच्यापुढे डोंगर. त्या भुकटीच्या एकेका कणाला असंख्य भोकं, आणि त्या भोकांत दडवलेला युरिया. भोकातून तो एकदम सुटत नाही, मुळांना लागेल तसा पाझरतो. म्हणून निम्मा पुरतो. निदान कुंडीत पुरत होता, केंद्राच्या वाफ्यात पुरत होता. खऱ्या शेतकऱ्याच्या खऱ्या शेतात पुरतो का, एवढंच बघायचं राहिलं होतं, आणि ते ताम काकांच्या शेतात बघितलं गेलं होतं. पुरला होता. शेजारच्या पूर्ण युरियाच्या तुकड्याइतकंच पीक आलं होतं, किंबहुना काकणभर सरस.

जिभेवरचा दाणा संपला होता. गारवा राहिला होता. ती जमिनीवर बसली आणि गोणी मांडीवर घेतली. उलटी करून, धुऊन, वाळवून घेतलेली खताची गोणी. त्या भागात तांदूळ, नारळ, कोंबड्यांचं खाद्य, सगळं अशाच गोण्यांतून फिरतं, त्यात काहीच वेगळं नव्हतं. काकूंनी शिवणीपाशी दुमड राहू दिली होती, दाणा त्या दुमडीत अडकला असणार. तिने गोणी परत उलटली. आतून निळा पट्टा आणि भाताच्या ओंबीचं नवं चित्र निघालं. हा छाप गेल्या हंगामातच बाजारात आला होता. आधीचा हिरवा होता. आणि गेल्या हंगामात काकांच्या घरात युरियाची गोणी यायचं कारण नव्हतं. त्यांचं सगळं शेत प्रयोगात होतं, घरामागचा छोटा तुकडा तेवढा पडीक होता. अर्ध्यासाठी तिचं खत, आणि तुलनेच्या तुकड्यासाठी लागणारा युरिया केंद्राने स्वतःच्या गोदामातून दिला होता, जुन्या हिरव्या छापाचा. दुसऱ्या कुणाची गोणी असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. शेजाऱ्याची. मुलीच्या सासरची. ही कारणं तिला एकामागून एक इतक्या सहज सुचत गेली की त्या सहजपणाचीच तिला भीती वाटली, कारण तो ओळखीचा होता. असंच तिला पूर्वी एकदा सुचलं होतं. कापणीनंतर पेंढ्याचे आणि दाण्यांचे नमुने तपासून तिने हिशेब मांडला, तेव्हा पिकाने जितका नत्र घेतला होता तो तिने दिलेल्यापेक्षा आणि मातीत असलेल्यापेक्षा जास्त भरला होता. थोडाथोडका नाही. दिल्यापेक्षा घेतलेलं जास्त असेल तर कुणीतरी आणखी दिलेलं असतं, हे शाळकरी पोरालाही कळेल. पण तिने तासभर खिडकीतून बाहेर बघितलं आणि मग तिला पुराचा गाळ सुचला. मागच्या पुरात त्या भागात गाळ जास्त साचला होता. गाळात नत्र असतो. वाक्य चांगलं होतं. लुआन सरांना, केंद्राच्या संचालकांना, ते इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःच्या भाषणात घेतलं.

आणि त्याच्याही आधी, पीक उभं असताना प्रयोग लोकांना दाखवायला भरवलेल्या शेतदिनाच्या दिवशी. तंबू ठोकला होता, प्रांताच्या कृषी कार्यालयातले लोक आले होते, काकूंनी बदकं भाजली होती. सगळे बांधावर उभे राहून वाहवा करत होते, आणि तिने सवयीने पिशवीतून पानाच्या रंगाची पट्टी काढली होती. प्लास्टिकची फूटपट्टीसारखी पट्टी, तिच्यावर हिरव्याच्या फिक्यापासून गडदपर्यंत छटा. पानावर धरायची, कुठल्या छटेशी जुळतं ते बघायचं, म्हणजे पिकाला नत्र किती पोचला ते समजतं. धरताना आपल्या अंगाची सावली पाडायची असते, उन्हात रंग फसवतो. तिने पाठ उन्हाकडे केली, वाकली, पट्टी पानावर धरली. पान शेवटच्या छटेहून गडद होतं. जवळजवळ निळसर, आणि टोकाला जडावून खाली वाकलेलं, जास्त खाऊन सुस्तावलेल्या माणसासारखं. निम्म्या युरियावर पान असं होत नाही. हे तिने पाहिलं. आता, स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून, ती स्वतःला हे विचारू शकत नव्हती की पाहिलं होतं का. फक्त हे विचारू शकत होती की पाहिल्यावर छातीत जे उसळलं ते काय होतं. तो आनंद होता. मागून कुणीतरी म्हणालं, "काय मग, बाई, पट्टी काय म्हणते?" आणि ती म्हणाली होती, "पट्टी खूश आहे." सगळे हसले होते. पट्टी तिने पिशवीत ठेवली होती, आणि ठेवताना बोटांना घाई झालेली तिला आठवत होती. चोराच्या बोटांना होते तशी.

भात शिजवून तिने पहिली वाटी बाबांच्या तसबिरीपुढे ठेवली, उदबत्ती लावली. नव्या तांदळाचा वास सबंध घरात पसरला. बाबा नेहमीसारखे किंचित तिरके बघत होते, फोटोवाल्याने सांगितलं तिकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघत असावेत तसे. ती स्वतः जेवली नाही. दुपारी स्कूटर काढली आणि तरीतून, म्हणजे मोठ्या होडीतून, नदीपलीकडे वाडीला गेली.

पुराचं पाणी अजून ओसरलं नव्हतं; वाडीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेतांचे मोठमोठे आरसे पडले होते आणि काकांचं शेत कुठलं हे फक्त पाटीवरून कळत होतं. पाटी गुडघाभर पाण्यात उभी होती. 'अर्धा युरिया, पूर्ण पीक', खाली केंद्राचं नाव, त्याखाली तिचं. वाऱ्याने एका अंगाला कलली होती. ताम काका मासे धरायला गेले होते. काकू ओसरीत बसून पाणफुलं निवडत होत्या, पिवळी, टोपलीभर. "आलीस? फोन तरी करायचास. आता ते दोन बोटांएवढे मासे आणतील आणि मोठी शिकार केल्यासारखं तोंड करतील. बस. तांदूळ पोचला ना?"

"पोचला. काकू, ती गोणी कुणाची होती?"

"गोणी?" काकूंचे हात थांबले नाहीत. "का, भोक होतं का?"

"नाही. नवी होती."

काकूंनी एक फूल निवडलं, दुसरं निवडलं, तिसरं टोपलीत परत टाकलं. मग त्या हसायला लागल्या, आधी खांद्यांनी, मग तोंडाने. "त्यांना सांगितलं होतं मी, दुसरी घ्या. तर म्हणाले, हीच धड आहे, धाकटीला काय फाटक्यात पाठवू? बघ. आयुष्यभर माणूस लबाडी शिकला नाही, आणि म्हातारपणी करायला गेला." त्यांनी हात पुसले. "रागावू नकोस त्यांना. आणि मी बोलले असं सांगू नकोस."

"टाकला होता?"

"अगं, काय करणार. तुझं ते खत टाकलं आणि पुढे पानं अशी पिवळी पडली, म्हटलं शेताला कावीळ झाली. तू म्हणाली होतीस, सुरुवातीला जरा फिकट दिसेल, धीर धरा. धरला की. पण रस्ता हा असा दारावरून जातो. येणारा जाणारा गाडी थांबवायचा आणि विचारायचा, काय हो ताम, धाकटीने शेताला उपास धरायला लावला का? तो पलीकडचा म्हातारा नाम तर रोज संध्याकाळी यायचा, पाटी मोठ्याने वाचायचा. अर्धा युरिया, अर्धं पीक. पाटीवर तुझं नाव ना गं. ह्यांना झोप लागेना. मला म्हणाले, बाप नाही तिचा, असता तर त्याने काय केलं असतं? एका पहाटे उठले, गोणी आणली, आणि टाकून आले. तुझ्या तुकड्यावर तेवढा. शेजारच्याला हात लावला नाही, म्हणाले तसं केलं तर अप्रामाणिकपणा होईल."

दिएपच्या तोंडून हसू बाहेर पडलं आणि ते तिला स्वतःलाच ऐकवेना. "मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, विचारलं तर तिला हो म्हणता येणार नाही आणि नाही म्हणवणार नाही. न विचारता केलं की दोष माझा, तिचं तोंड स्वच्छ."

तिचं तोंड. जिभेवर अजून तो कडसर गारवा होता असं तिला वाटलं, आणि काकूंनी पुढे केलेलं पाणी ती घटाघट प्यायली. फिकट पडणारच होती पानं. भोकांतून पाझरायला वेळ लागतो. आणखी आठवडाभर, फार तर थोडं जास्त, आणि रोपांनी रंग धरला असता. कदाचित. केंद्राच्या वाफ्यात धरला होता. काकांनी तो आठवडा आपल्या हातांनी झाकून टाकला होता, आणि आता त्या शेतात तिचं खत चाललं की नाही हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. कळायचं राहूनच गेलं होतं. यावर तिला राग यायला हवा होता. तो कुठेतरी असणारच म्हणून ती त्याची वाट बघत राहिली, पण त्याच्या जागी येत होतं ते दुसरंच, कानांच्या पाळ्यांपासून सुरू होऊन मानेवर उतरणारं. लहानपणी शाळेच्या समारंभात तिच्या झग्याची शिवण मागून उसवली होती, आणि ताम काका घरापर्यंत तिच्या मागून, अगदी जवळून, छत्री उघडून चालत आले होते. पाऊस नव्हता. सबंध वाट तिला वाटत होतं की काकांना वेड लागलंय. घरी आल्यावर कळलं, आणि ती दोन दिवस त्यांच्यासमोर गेली नव्हती. उसवल्याची लाज एवढी वाटली नव्हती. छत्रीची वाटली होती.

काका आले, मासे खरंच दोन बोटांएवढे होते, आणि त्यांचं तोंडही काकूंनी सांगितलं तसंच होतं. फुलं आणि मासे घालून आंबट कालवण झालं. "खा, धाकटे. शहरात काय खातेस, हाडं निघालीत. शुक्रवारच्या सभेला असं तोंड घेऊन येऊ नकोस, लोक म्हणतील हिने स्वतःलाही अर्धंच खत घातलंय." ते स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. शुक्रवारी गावच्या सभागृहात प्रांताचे लोक येणार होते. पाणी उतरलं की हिवाळी पेरणी, आणि सगळ्या वाडीने यंदा तिचं खत घ्यायचं, युरिया निम्मा करायचा, असं जाहीर व्हायचं होतं. आदर्श शेतकरी म्हणून काका पहिल्या रांगेत बसणार होते. "पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय," ते म्हणाले. "तुझ्या लग्नाला घालीन म्हणून ठेवला होता. ते काही तू करत नाहीस. म्हटलं सभेला तरी घालू." ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या बघण्यात काहीच नव्हतं, ना गुपित, ना उपकार. केलं आणि विसरून गेले होते. बोलावं, आत्ताच, असं तिला वाटलं. वाक्यही तयार होतं. पण ते उच्चारताच त्या चेहऱ्याचं काय होईल ते तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिने कालवण आणखी वाढून घेतलं.

मधले दिवस ती केंद्रात गेली, आली, लोकांशी बोलली. तराजूत भुकटी तोलताना वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून श्वास रोखायची सवय होती. त्या दिवसांत तराजूपासून दूर असतानाही ती श्वास रोखून असायची. गप्प राहिलं तर सगळी वाडी तिच्या शब्दावर युरिया निम्मा करेल, आणि खत चाललं नाही तर वर्षातलं सगळ्यांत मोठं पीक जाईल. बोललं तर ताम काका, ज्यांनी कधी कुणाचं पाणीसुद्धा आपल्या बाजूला वळवून घेतलं नाही, साऱ्या गावासमोर लबाड ठरतील, आणि तेही इस्त्रीच्या शर्टात. या दोहोंच्या मध्ये कुठे उभं राहायला जागा आहे का, हे ती शोधत होती, आणि शोधताना तिला स्वतःविषयी एक गोष्ट कळत होती जी फारशी बरी नव्हती. काकांची काळजी खरी होती. पण तिच्या आड दुसरी एक काळजी उभी होती, आणि काकांना पुढे करून ती मागे लपत होती, छत्रीच्या मागे लपावं तशी. काकांनी युरिया टाकला हे तिला आत्ता कळलं होतं. कुणीतरी टाकलाय, हे तिला शेतदिनापासून माहीत होतं.

सभागृहात पंखे फिरत होते आणि चहाला माश्या लागल्या होत्या. लुआन सर तिच्या कानाशी म्हणाले, "तुझे दोन शब्द, मग टाळ्या, मग जेवण. लांबवू नकोस, बदक गार होतं." काका पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर, फोटो काढून घेणाऱ्यासारखे. शर्टाची घडी छातीवर आडवी दिसत होती. ती उभी राहिली, पिशवीतून पट्टी काढली, आणि ती हातात धरल्यावर पुढचं तिला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, कारण ती फक्त पट्टीकडे बघून बोलली. शेतदिनाच्या दिवशी पान या शेवटच्या छटेहून गडद होतं, ती म्हणाली. निम्म्या युरियावर ते तसं होऊ शकत नाही. हे मी त्याच दिवशी पाहिलं आणि पट्टी पिशवीत ठेवली. नंतर तपासणीतही नत्र जास्त निघाला, तर मी पुराच्या गाळाचं नाव सांगितलं. गाळाचा काही संबंध नव्हता. त्या शेतावरून हे खत चालतं असं म्हणता येत नाही, चालत नाही असंही म्हणता येत नाही. माझ्या शब्दावर कुणी युरिया निम्मा करू नये. नत्र कुठून आला ते तिने सांगितलं नाही. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण न घेतलेल्या नावासाठी जेवढी जागा तिने सोडली होती ती नेमकी काकांच्या मापाची होती, आणि सभागृहातल्या प्रत्येक माणसाची नजर तिकडे न जाण्याची इतकी काळजी घेत होती की त्यावरूनच तिला कळलं.

त्या सगळ्यांना माहीत होतं.

पाटी मोठ्याने वाचणारा नाम मागच्या रांगेतून उठला. दात पडलेले, आवाज मऊ. "बस, धाकटे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आम्हाला ठाऊक होतं. आम्ही काय डोळे मिटून रस्त्याने जातो?" कुणीतरी खाकरलं. "आणि निम्मा कोण करणार होतं? तुझं खत घेतलं असतं, तुझ्या बापाची पोर तू, नाही कसं म्हणायचं. ते टाकलं असतं, आणि वरून आपला नेहमीचा पूर्ण टाकला असता. म्हणजे तुझंही राहिलं असतं, शेताचंही." दोघांतिघांनी माना हलवल्या, समजूत घालणाऱ्या माणसांसारख्या. तिच्या डोळ्यांसमोर कालवा उभा राहिला, दीडपट हिरवा, तिच्या नावाने. सबंध वाडी छत्री उघडून तिच्या मागून चालत होती, आणि पाऊस नव्हता. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. काका आपल्या पायांकडे बघत होते. नवीन चपला होत्या. एक अंगठा ते दुसऱ्याने दाबून धरत होते, जणू तो काहीतरी बोलून जाईल.

जेवणाला ते थांबले नाहीत. काकू थांबल्या, पण तिच्या ताटात वाढताना म्हणाल्या, "घ्या, संशोधक बाई," आणि मग स्वतःच गोंधळून भांडं घेऊन पुढे गेल्या. परतीच्या वाटेवर लुआन सर तरीच्या कठड्याशी तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. पाण्यावरून जलपर्णीचे गठ्ठे वाहत चालले होते. मग म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतंत."

त्यांनी विचार केला. "हो," ते म्हणाले. "थांबवलं असतं." आणि पुढे, तिच्याकडे न बघता, "गाळाचं वाक्य मात्र चांगलं होतं."

हिवाळा गेला. विभाग दुसऱ्याकडे गेला, तिला वाफे मिळाले, ते बरं होतं. वाफ्यांवरून रस्ता जात नव्हता. वाडीतून फोन आला नाही आणि तिनेही केला नाही. नव्या वर्षाच्या सणाला दरवर्षी ती जाई, यंदा बसवाल्याबरोबर ताप आल्याचा निरोप धाडला, आणि मग खरंच अंग गरम लागतंय का म्हणून कपाळाला हात लावून बघितला. कधी कधी बाजारात एखादी बाई मागून "धाकटे" अशी हाक मारायची, दुसऱ्याच कुणाला, आणि ती वळून बघायची.

कापणीनंतर बसवाल्याचा फोन आला. गोणी हलकी होती. लिफ्टपर्यंत ती एका हाताने घेऊन आली. वर आणून ओट्याशी ठेवली तेव्हा दिसलं की अर्धीच भरलेली आहे, आणि उलटी केलेली नाही. बाहेरच केंद्राचा छाप होता. तिच्या खताची गोणी, प्रयोगातून उरलेली, धुऊन वाळवलेली. ती छापाकडे बघत राहिली. मग डब्यात तांदूळ ओतला आणि फोन लावला.

"पोचली?" ताम काका म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा, कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तसा.

"पोचली, काका." बरंच काही म्हणायचं होतं. "माझं खत घातलेला आहे का? घरामागच्या तुकड्यातला?"

"हां. तिकडून रस्ता दिसत नाही. तुझी दोन पोती पडून होती, म्हटलं उंदरांनी खाण्यापेक्षा." कोंबडी ओरडली, त्यांनी तिला हाकललं. "पाटी नाही लावली."

"पानं पिवळी पडली होती?"

"पडली की."

"मग?"

"मग काय. हात मागे बांधायचे आणि बांधावर उभं राहायचं. तुझी काकू म्हणायची, पोलिसांनी धरून नेल्यासारखे काय उभे राहता, जेवायला तरी या." आवाज खाली आणून ते म्हणाले, "फार जड गेलं, धाकटे. नुसतं बघत राहणं."

तिने डोळे मिटले. "आणि नंतर?"

"नंतर आला रंग. उशिरा आला. तुझ्या बापासारखा, हाक मारली की भाकरी संपवून ओ देणारा. पीक काही नेहमीएवढं नाही आलं. सगळं मिळून तुझ्याकडे आहे त्याच्या दुप्पट समज, निम्मं तुला पाठवलं. पण पिवळ्याच्या मानाने बरं आलं. आता ते चाललं म्हणायचं की नाही, ते तू ये आणि बघ. मला काय विचारतेस." मग नेहमीच्या आवाजात, "काय करतेस आत्ता? खडखड कसली येते?"

"तांदूळ ओततेय," ती म्हणाली.

तांदूळ केव्हाच ओतून झाला होता. तिचा उजवा हात कोपरापर्यंत डब्यात होता. बोटं तळाशी, कोपऱ्याकोपऱ्यातून, एखादा गोल मणी लागतो का म्हणून दाणा दाणा चाचपत फिरत होती, आणि ती कधीपासून तशी फिरत होती हे तिला सांगता आलं नसतं. तिने हात थांबवला. बाहेर मात्र काढवेना. पलीकडे काका वाट बघत होते. तांदूळ उन्हात वाळलेला होता, अजून उबदार, आणि त्यात गार असं काहीच नव्हतं.